पुणे ते मालवण, सहा माणसं आणि 40 हजार: पैसे नक्की कुठे वाचतात

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून गणपतीपुळे, मालवण, गोवा, कोल्हापूर आणि परत पुणे. पाच दिवस, चार मुक्काम. तुम्ही दोघं, 12 आणि 7 वर्षांची मुलं आणि आई-बाबा. गाडी घरची, सात सीटची सीएनजी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. खर्चाचा अंदाज 55 हजारांवर जातोय आणि तुम्हाला 40 च्या आत बसवायचाय. त्यासाठी रात्री निघून एक मुक्काम वाचवावा का, वर कॅरियर लावावं का, पेट्रोल गोव्यात भरावं का, टोलचा वार्षिक पास काढावा का, की सरळ ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने घ्यावी, असे पाच उपप्रश्न.

मी पुण्यात 23 वर्षं टुरिस्ट गाड्यांचा धंदा केला. पहिली 11 वर्षं स्वतः स्टिअरिंगवर होतो, नंतर तीन गाड्या झाल्या. आता गाड्या विकल्या, पण पै-पाहुणे अजून सहलीचा कागद घेऊन घरी येतात. सगळ्यांच्या कागदावर डिझेल-पेट्रोलचा आकडा ठळक लिहिलेला असतो, कारण तो मोजता येतो. पैसे मात्र दुसरीकडूनच गळतात. तुम्ही विचारलेल्या पाच गोष्टींत मिळून हजार-दीड हजार इकडेतिकडे होतील. तुमचे 15 हजार अडकलेत ते तारखांमध्ये आणि त्या चार गावांच्या नावांमध्ये.

आधी तारखा. भाऊबीज झाली की पुणे, मुंबई, कोल्हापूर सगळं एकदम कोकणात उतरतं आणि पुढच्या रविवारपर्यंत हलत नाही. एरवी 1800 ला मिळणारी खोली त्या तीन-चार दिवसांत 3000 ते 3500 ला जाते, आणि त्या भावात मिळते ती मागच्या बाजूची. घरमालकाला दोष देऊन उपयोग नाही, त्याचा वर्षाचा धंदा त्याच दिवसांत होतो. शाळा भाऊबीजेनंतर दहा दिवसांनी उघडते असं तुम्हीच लिहिलंय. मग तो शनिवार-रविवार घरी फराळ संपवा आणि सोमवारी पहाटे निघून शुक्रवारी परत या. चार मुक्काम, दोन खोल्या, म्हणजे आठ खोल्यांचे पैसे. खोलीमागे 1200 ते 1500 वाचले तरी दहा-बारा हजार तिथेच मोकळे होतात. रजेचं गणित जमत नसेल तर मात्र हा मुद्दा बाद, आणि मग 40 हजारांत बसवणं खरंच ओढाताणीचं होईल, हे आधीच सांगतो.

आता ती चार गावं. पुणे ते गणपतीपुळे साधारण 330 किलोमीटर, तिथून मालवण 190-200, मालवण ते पणजी 110, पणजी ते कोल्हापूर 220 आणि कोल्हापूर ते पुणे 230. इकडेतिकडे फिरणं धरून साडेबाराशे. त्याऐवजी कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडी, कणकवली या वाटेने थेट मालवण गाठलं तर एका बाजूचे 385 च्या आसपास होतात. जाऊन-येऊन 770, तिथलं फिरणं 100, एकूण 870. फरक 380 किलोमीटरचा. निम्मा प्रवास सीएनजीवर, निम्मा पेट्रोलवर, भरलेली गाडी, एसी चालू असं धरून मी किलोमीटरला सहा रुपये लावतो. म्हणजे सव्वादोन हजार इंधनात वाचले.

पण ते सव्वादोन हजारही खरी बचत नव्हे. रोज मुक्काम बदलला की रोज अकराच्या आत खोली सोडायची, म्हणजे दुपारचं जेवण रस्त्यावर. दुपारी तीनला नव्या गावात पोचायचं, भूक लागलेली असते, मग दिसेल त्या हॉटेलात शिरायचं. एका रात्रीपुरत्या गिऱ्हाईकाला कोणी भाव कमी करत नाही, चार रात्री राहणाऱ्याला हमखास करतात. मुलं गाडीत कंटाळली की प्रत्येक थांब्यावर चिप्स आणि आइस्क्रीम. माझ्या गाडीत बसलेल्या कुटुंबांचा खर्च मी वर्षानुवर्षं मागच्या आरशातून पाहिलाय. ज्या दिवशी गाडी 200 किलोमीटर पळाली त्या दिवशी पाकीट सगळ्यात जास्त वेळा बाहेर यायचं.

म्हणून माझा सल्ला एकच मुक्काम: तारकर्ली, देवबाग किंवा मालवण. गोवा आणि गणपतीपुळे वेगळ्या सहलीला ठेवा. आई-बाबांना गणपतीपुळ्याचं दर्शन घ्यायचंच असेल तर प्रश्न वेगळा होतो. मग मालवण सोडा आणि चारही दिवस रत्नागिरीच्या बाजूला काढा. दोन्ही कोंबू नका.

तुमच्या उपप्रश्नांपैकी रात्री निघण्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण ते मला अजिबात पटलेलं नाही. गाडी चालवणारे तुम्ही एकटे. दिवसभर ऑफिस करून रात्री दहाला निघालात तर पहाटे तीन ते पाच या वेळात तुम्ही घाटात असाल. त्या वेळेला डोळा लागतो तो कळत नाही, हे अकरा वर्षं रात्रीच्या गाड्या मारलेला माणूस सांगतोय. बरं, पैशांचं म्हणाल तर तेही वाचत नाहीत. सकाळी सहाला तारकर्लीत पोचलात, खोली अकरा-बाराला मिळणार. म्हातारी माणसं पाच तास गाडीत बसवणार का? शेवटी अर्ध्या दिवसाचे पैसे भरून खोली उघडून घ्याल आणि तो दिवस सगळे झोपून काढाल. पहाटे साडेचारला निघा. कात्रज आणि खेड शिवापूर मोकळं मिळतं, खंबाटकीच्या चढाला ट्रकच्या मागे रांगत बसावं लागत नाही, नाश्ता कराडच्या पुढे होतो आणि दुपारी दीड-दोनला तुम्ही मालवणात.

भाड्याच्या गाडीचा हिशोब आमच्या धंद्यात कसा होतो ते सांगतो, म्हणजे कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी फसणार नाही. बाहेरगावच्या गाडीला रोजचे किमान 300 किलोमीटर लावतात. गाडी दिवसभर आंब्याखाली उभी राहिली तरी 300. पाच दिवसांचे 1500 झाले, तुम्ही फिरलात 870. सात सीटच्या गाडीला किलोमीटरला 18 रुपये धरले तर 27 हजार, वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि पार्किंग. मीटर आमच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत चालतं, तुमच्या दारापासून नाही. म्हणजे एका जागी राहण्याच्या सहलीला भाड्याची गाडी सगळ्यात महाग, आणि रोज 300 पळवायची असेल तेव्हाच ती परवडते. ओळखीतला कोणी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देतो म्हणाला तर नको म्हणा. ते नियमात बसत नाही आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

टोलचा वार्षिक पास सुरू झाला ऑगस्ट 2025 मध्ये, तेव्हा 3000 रुपयांना. खासगी गाडीला वर्षभर किंवा 200 नाके, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गावरच चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला नाही. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके, म्हणजे जाऊन-येऊन आठ. आठही मिळून हजाराच्या आत बसतात. या एका सहलीसाठी पास काढण्यात अर्थ नाही. वर्षात पाच-सहा वेळा गावी जाणं असेल तर काढा, कोणते नाके त्यात येतात ते ॲपवर बघून. मात्र फास्टॅगमध्ये निघायच्या आदल्या रात्रीच पैसे टाका. टॅग चालला नाही तर जास्त पैसे पडतात; रोख दिले तर दुप्पट, यूपीआयने दिले तर सव्वापट, असा नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आला होता. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचे पास मिळतात, ते दिवाळीला नसतात. हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

गोव्यात पेट्रोल स्वस्त आहे हे खरं. 2012 साली पर्रीकरांनी कर उतरवला तेव्हापासून तो फरक कमी-जास्त होत टिकून आहे. आज लिटरला सात-आठ रुपये धरू. 40 लिटर भरलंत तर 320 वाचले. मालवणहून गोव्याची हद्द 60 किलोमीटर, जाऊन-येऊन 120, त्याला 720 रुपये जळाले. गोव्यात जाणारच असाल तर जरूर भरा, नाहीतर 400 रुपये घालवून बचत केल्याचं समाधान तेवढं मिळेल.

सीएनजीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे अडकाल. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी लागते. तारीख उलटली असेल तर पंपावरचा मुलगा पाटी बघून गॅस भरायला नकार देतो, आणि तो बरोबर असतो. टाकीत आठ-नऊ किलो बसतो, म्हणजे पावणेदोनशे ते 200 किलोमीटर. दर वेळी भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं. सुट्टीच्या दिवशी पाऊण तासाची रांग आणि आईंचे गुडघे, याची किंमत तुम्हीच लावा. मी असं करेन: आदल्या रात्री पुण्यात फुल, नाश्त्याच्या सुमारास कराड-कोल्हापूरच्या पट्ट्यात एकदा भरायचा आणि घाट उतरल्यावर पेट्रोलवर फिरायचं. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची ती सवय आहे. आताच्या इंजिनात गिअरमध्ये पाय सोडून उतरताना इंधन आपोआप बंद होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला जळत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात ते वेगळंच.

कॅरियर नको. वर बोजा बांधला की गाडी हवा कापताना जड होते आणि 90-100 च्या वेगाला ते थेट ॲव्हरेजमध्ये दिसतं. शिवाय वाटेत जेवायला उतरलात की एक डोळा कायम दोरीवर. सिलिंडरमुळे डिकी गेली हे मान्य. पण तुम्ही सहाजण आहात. पुढे दोन, मधे तीन, मागे एक, आणि मागची अर्धी सीट पाडून तिथे सामान. ट्रॉली बॅगा घरी ठेवा, कापडी पिशव्या घ्या, त्या कुठेही दाबून बसतात. पाच दिवसांचे कपडे नेऊच नका. घरगुती मुक्कामाला मागच्या पडवीत दोरी बांधलेली असतेच, दोन धुवा दोन घाला.

जिथे वाचवू नये तेही सांगतो, कारण मी ते करून बसलोय. माझ्या गाडीच्या रेडिएटरचा होज पाइप फुगला होता. मेकॅनिक म्हणाला बदला, 400-500 चं काम आहे. सीझन होता, गाडी एक दिवस उभी करायची नव्हती, म्हटलं आल्यावर बघू. फोंडा घाटात चढाला इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि पाइप उभा फाटला. पाहुण्यांत एक तान्हं बाळ होतं. दुसरी गाडी कणकवलीहून मागवली, माझी गाडी ओढून नेली, इंजिनातलं हेड गॅसकेट गेलं होतं. त्या एका पाइपने माझा सगळा सीझन खाल्ला. तेव्हा निघण्याच्या आठ दिवस आधी (आदल्या दिवशी नव्हे, कारण काम निघालं तर वेळ हवा) होज, बेल्ट, कूलंट, ब्रेक आणि बॅटरी बघून घ्या. टायरची हवा सकाळी थंड असताना तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो घ्या. स्टेपनीत हवा आहे का ते कोणीच बघत नाही. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची जोड असेल तर किती किलोमीटरपर्यंत गाडी ओढून नेतात ते वाचून ठेवा.

करूळ घाट, म्हणजे गगनबावड्याचा, काँक्रीटच्या कामासाठी 2024 मध्ये बरेच महिने बंद होता. आता त्या रस्त्याने जा, पण निघण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या मुक्कामाच्या घरमालकाला फोन करून घाट चालू आहे ना ते विचारा. बंद असेल तर राधानगरीवरून फोंडा घाट आहेच.

खाण्याचं तुमचं निम्मं काम दिवाळीने केलंय. चिवडा, चकल्या, शंकरपाळे घरात आहेतच. त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि धपाटे पहिल्या दिवसाला पुरतात. पाण्याचा हिशोब लोक करतच नाहीत. सहा माणसांना दिवसाला तीन-तीन बाटल्या म्हणजे 18, पाच दिवसांच्या 90, बाटली 20 रुपयांना. झाले 1800. घरून 20 लिटरचा एक जार आणि सगळ्यांच्या बाटल्या घ्या, पुढे मुक्कामावर भरत राहा. हायवेवरच्या झगमगीत फूड मॉलमध्ये फक्त स्वच्छतागृह वापरा. चहा-नाश्त्याला गावात दोन मिनिटं आत वळलात की त्याच पदार्थाला निम्मे पैसे. आणि टुरिस्ट ड्रायव्हर ज्या हॉटेलवर गाडी थांबवतो ते चांगलं असतंच असं नाही. तिथे ड्रायव्हरला जेवण फुकट असतं. मीही जेवलोय.

मालवणात मासे खाण्याची स्वस्त आणि खरी चांगली रीत ही. मुक्काम ठरवताना विचारा, मासे आणून दिले तर करून द्याल का? बरीच घरं मसाल्याचे आणि करणावळीचे ठरावीक पैसे घेऊन करून देतात. संध्याकाळी बंदरावर होड्या लागतात तेव्हा लिलाव चाललेला असतो. त्यात तुम्ही पडू नका, ते टोपल्यांचे मोठे सौदे असतात. जरा बाजूला बायका वाटे मांडून बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्या. दिवाळीच्या सुमाराला बांगडा भरपूर असतो आणि स्वस्त असतो. सुरमई आणि पापलेटची हौस एक दिवस करा, बाकी दिवस बांगडे आणि पेडवे. कल्ला उचलून बघा, आत लाल असेल तर ताजा. एकदा मी पाहुण्यांसोबत एका वाट्याचे बांगडे नेऊन दिले. घरातल्या मावशींनी अर्धे तिरफळ घालून तिकल्यात, म्हणजे दाटसर तिखट कालवणात, टाकले, अर्धे रवा लावून तळले, सात माणसं जेवली. हॉटेलात त्या पैशांत दोन थाळ्या आल्या असत्या.

आई-बाबा चातुर्मास पाळत असतील तर दिवाळीत त्यांना मासे चालायचे नाहीत. त्यांचं काही अडत नाही. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात आणि सोलकढी ही शाकाहारी थाळी सगळ्यात स्वस्त असते. फक्त घरमालकाला आधी सांगा, म्हणजे तवा वेगळा ठेवतील.

स्कूबा आणि पाण्यातल्या खेळांचं बुकिंग हॉटेलच्या काउंटरवरून करू नका, मधल्या माणसाचं कमिशन त्यात चढतं. सोमवार ते गुरुवार किनाऱ्यावर स्वतः जाऊन बोललात तर भाव उतरतो. सहाच्या सहा जणांनी करायची गरजही नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मात्र सगळ्यांनी घ्या. बाबांना पायऱ्यांची अडचण असेल तर दरवाजाच्या आत सावलीत बसता येतं.

तुमच्या कागदावर आकडे असे मांडा. दोन खोल्या, चार रात्री, 1800 प्रमाणे 14,400. प्रवास 870 किलोमीटरचे 5,200 आणि टोलचे हजार धरून 6,200. जेवणखाण तिथलं दिवसाला 1,800 प्रमाणे 7,200, वाटेतलं 1,500. होडी, किल्ला आणि खेळ मिळून 5,000. बेरीज 34,300. वरचे 5,700 वेगळ्या पाकिटात ठेवून ते सौ.कडे द्या, तुमच्याकडे नको. खोलीचे दर मी माझ्या ओळखीच्या घरांवरून धरलेत. तुम्हाला 2,200 सांगितले तर चार रात्रींचं सांगून घासाघीस करा, आणि नाश्ता त्यात धरलाय का ते फोनवरच ठरवा, तिथे पोचल्यावर नाही.